लांबडं चावलं, काय करावं

अर्पिता नेमकं काय काम करते, हे पाथरीत अजून कुणालाही धड सांगता आलेलं नाही. तिची आई विचारणाऱ्याला सांगते, "ती मोबाईलमधलं करती." आमच्या गल्लीतल्या लोकांचा समज असा की ती कॉम्प्युटर दुरुस्त करते. त्यामुळे कुणाचा टीव्ही बंद पडला की तिला बोलावणं येतं आणि ती बिचारी जाऊन रिमोटचे सेल बदलून येते. मला मात्र तिचं काम पहिल्याच दिवशी समजलं. त्यात माझी हुशारी काही नाही. मी एसटीत एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली एकोणीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसून काढली. खिडकीत मी जे करायचो, तेच ही पोरगी माझ्या माडीवर बसून करते. फरक एवढाच की लोक माझ्यावर खेकसायचे.

खिडकीवर येणारा माणूस गाडीची वेळ विचारतो, असं ज्याला वाटतं तो कधी खिडकीत बसलेला नाही. एखादी बाई विचारते, "साहेब, शेवटची गाडी किती वाजता?" तिला वेळ नको असते. माहेरी जाऊन आईचं तोंड बघून आजच्या आज परत येता येईल का, हे तिला हवं असतं. मी तापट माणूस. पहिली पाच-सहा वर्षं मी नुसती वेळ सांगायचो आणि पुढच्याकडे बघायचो. पुढे पुढे प्रश्नाच्या मागचा प्रश्न ऐकू यायला लागला. तोवर निम्मी नोकरी संपली होती.

त्या काळात अर्पिता कॉलेजला होती. तिची गावाकडची गाडी चार चाळीसची, म्हणजे सहाच्या आत यायची नाही. तोवर ती माझ्या खिडकीशेजारच्या बाकावर बसायची. मांडीवर वही, आणि नजर कुठेतरी लिंबाच्या शेंड्याकडे. सगळ्या पोरी हसत-खिदळत असायच्या आणि ही आपली तंद्रीत. एकदा मी विचारलं, "काय लिहितेस गं रोज?"

"लोक तुमाला काय विचारायलेत ते," ती म्हणाली.

"त्याचं काय करणार?"

"काई न्हाई काका. लय भारी वाटतं."

मी वही मागून घेतली. पानंच्या पानं भरलेली. कुणी कसं विचारलं, कुठले शब्द वापरले, कुठे अडखळलं, सगळं जसंच्या तसं. इतकी वर्षं जे माझ्या एका कानातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर पडलं, ते या मुलीने बाकावर बसून झेललं होतं. मला राग आला होता, की आनंद झाला होता, आता आठवत नाही. बहुधा दोन्ही झालं असावं.

तिचे वडील सिद्धोधनराव एका आरोग्य केंद्रात कारकून आहेत. माणूस शांत, अक्षर मोत्यासारखं. मी निवृत्त झालो तोवर ते सगळे आमच्याच गल्लीत राहायला आले होते. एक दिवस ते बापलेक घरी आले. जयभीम झालं, चहा झाला. सिद्धोधनराव म्हणाले, "हिला कामाला जागा पायजे. घरी लय गलबला होतो. तुमची माडी रिकामीच हाय." माडीवर आमच्या घरच्यांनी पापड वाळवायच्या चटया आणि जुन्या गाद्या ठेवल्या होत्या. त्या खाली आल्या, अर्पिताचं टेबल वर गेलं, आणि मला दुपारी जिना चढायला एक निमित्त मिळालं.

काम तिने मला असं समजावलं. जगात कोट्यवधी पानं आहेत आणि त्यांतलं कुठलं पान माणसाला आधी दाखवायचं हे एक यंत्र ठरवतं. त्या यंत्राचं नाव मी घेत नाही. दिवसातून दहा वेळा तुम्हीच घेता. अर्पिताचं काम म्हणजे पान असं तयार करायचं की यंत्राने ते पहिल्या नंबरला ठेवावं. त्यासाठी लोक कोणत्या शब्दांत विचारतील हे आधी ओळखायचं. ते शब्द मथळ्यात आणि पहिल्या ओळींत आणायचे. पान हलकं ठेवायचं, म्हणजे आपल्याकडच्या रडक्या रेंजमध्येही झटकन उघडेल. आणि सगळ्यात अवघड म्हणजे दुसऱ्या चांगल्या पानांनी आपल्या पानाकडे बोट दाखवायला हवं.

"बोट कशाला?" मी विचारलं.

"काका, तुमी देवगाव फाट्यावर उतरलात अन् विचारलं, चांगला डॉक्टर कुठं हाय? चार वेगळ्या माणसांनी एकाच दाराकडं बोट केलं, तर तुमी तिथंच जाणार ना? अन् डॉक्टरच्या मेव्हण्यानं केलं तर?"

"तर नाही जाणार."

"यंत्राला बी मेव्हणा कळतो," ती म्हणाली.

दुपारच्या वेळी ती माडी वेगळीच होऊन जायची. बाहेर उन्हाने गल्ली निपचित पडलेली, पंखा मंद फिरतोय, खिडकीत लिंबाची सावली हलतेय आणि अर्पिता स्क्रीनपुढे हनुवटीला हात लावून बसलेली. कोणता प्रश्न कुठल्या महिन्यात किती लोक विचारतात, हे तिला दिसायचं. मृगाच्या तोंडावर 'पेरणी कधी करावी' वर चढायचं. पोळ्याच्या आधी 'सोयाबीन पिवळं का पडलं'. निकालाच्या दिवसांत 'नापास झाल्यावर काय करावं' असं, हळू आवाजात विचारल्यासारखं. बारा महिने तेरा काळ मात्र दोन प्रश्न चालू असायचे: 'बाळ दूध का पीत नाही' आणि 'नवरा बोलत नसेल तर'. ती मध्येच म्हणायची, "काका, आत्ता कुनीतरी हे विचारायलंय बगा." मला वाटायचं, सगळा मुलूख झोपेत बोलतोय आणि ही एकटी पोरगी जागी राहून ऐकतेय. म्हातारपणी अशी दुपार मिळणं हे भाग्यच म्हणायचं.

आता जे सांगायचं ते सांगतो. सांगायला जड जातं.

सुरुवातीला ती एका कंपनीसाठी लिहायची. कंपनी मोठ्या शहरातली, नाव सांगून उपयोग नाही, कारण आता ती उरलेली नाही. घरगुती उपायांची वेबसाईट होती. दर आठवड्याला विषयांची यादी यायची आणि अर्पिता दिवसाला आठ-आठ पानं लिहायची. खोकल्यावर काय, केस गळतीवर काय, मूळव्याधीवर काय. त्याच यादीत एकदा आलं: साप चावल्यावर घरगुती उपाय. तिने इकडची-तिकडची पाच पानं वाचली आणि सहावं लिहिलं. वर दोरी घट्ट आवळून बांधा, तुरटी लावा, कांद्याचा रस द्या, सकाळपर्यंत दोरी सोडू नका. एकाही डॉक्टरने ते बघितलं नाही. बघायची पद्धतच नव्हती.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते पान शंभर पानांच्या खाली गाडलं गेलं असतं. पण तिला तिची वही आठवली. आमच्याकडे दिवे लागले की त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं. दिवसा कुणी साप म्हणेल, पण सांज झाली की 'लांबडं' म्हणायचं, नाहीतर 'जनावर'. आणि चावतं ते बहुतेक सांजेलाच. शहरातल्या लिहिणाऱ्यांना हे कुठून माहीत असणार? अर्पिताने मथळ्यातच लिहिलं, 'लांबडं चावलं, काय करावं'. सगळं पान आपल्या बोलीत लिहिलं, मायेने, घरातल्या मोठ्या बाईने सांगावं तसं. एकोणीस दिवसांत पान पहिल्या नंबरला. कंपनीने तिचं नाव घेऊन कौतुक केलं. तिने गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे हे कुणाला कळलं नाही, पण खाल्ले सगळ्यांनी. मी दोन खाल्ले.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी सिद्धोधनराव त्यांच्या घरी जेवताना अर्पिताला सहज म्हणाले, केंद्रात एक बाई आली होती. देवगाव फाट्याच्या आतल्या एका गावची, बायनाबाई नाव. उजव्या हाताची तीन बोटं कापावी लागली. डॉक्टर म्हणत होते, विष फार भिनलंच नव्हतं. बोटं गेली ती दोरीने. रात्रभर आवळून बांधलेली होती. "मोबाईलमध्ये सांगितलं व्हतं म्हने. अन् काय गंमत बग, मोबाईल बी लांबडंच म्हनला म्हने."

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर गेलो तर अर्पिता पंखा न लावता बसली होती. अंगाला घाम सुटलेला. तिने सगळं सांगितलं आणि म्हणाली, "काका, ती दोरी मी बांधली."

मी तिची समजूत घालायला गेलो. म्हणालो, खिडकीतून माझ्याकडूनही एकदा चूक झाली होती. एका म्हाताऱ्याला मी गाडी गेली म्हणून सांगितलं, आणि गाडी मागेच उभी होती. भावाच्या मातीला पोचला नाही तो. ती म्हणाली, "तुमी एकाला सांगितलं काका. माझं रोज सांगनं चालूच हाय."

तिने पान काढून टाकायचा प्रयत्न केला. कंपनीने वेबसाईट विकून टाकली होती, विकत घेणारा कुठल्या मुलखातला ते कळेना, पत्रांना उत्तर येईना. यंत्राकडेही तक्रार केली. उत्तर आलं नाही. पान तिथंच, पहिल्या नंबरला, ऐटीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"निघत न्हाई म्हनल्यावर," ती म्हणाली, "त्याच्या वर दुसरं चढवावं लागंल."

वडिलांच्या केंद्रातल्या डॉक्टरांना भेटून तिने खरं पान लिहिलं. 'सर्पदंश: प्रथमोपचार'. त्यात सगळं बिनचूक होतं. महिन्याभरात तेही पहिल्या नंबरला गेलं, पण कुणी 'सर्पदंश प्रथमोपचार' असं विचारलं तर. आणि असं विचारतात शाळेतले मास्तर, तेही विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी. 'लांबडं' म्हटलं की जुनंच पान वर.

"मग टाक की तो शब्द यातही," मी वैतागून म्हणालो.

"टाकला. नुसता शब्द पेरून आता चालत न्हाई. मानूस पानावर थांबला पायजे. आत येऊन लगेच माघारी गेला तर यंत्राला कळतं, हितं काई कामाचं न्हाई. त्या बाईनं नेमकं काय विचारलं, कसं विचारलं, मला म्हाईत न्हाई."

"अंदाज कर."

"मागं अंदाजच केला व्हता," ती म्हणाली.

मग मला कळलं, ही बायनाबाईच्या गावी जाणार. मी भडकलो. म्हणालो, हात दाखवून अवलक्षण कशाला? तुझं नाव कुणाला माहीत नाही, कुणी विचारलेलं नाही, आणि तू आपल्या पायाने जाऊन सांगणार? गावचे लोक तुला फाडून खातील. ती ऐकून घेत होती, लिंबाकडे बघत. मी बोलून दमलो तेव्हा म्हणाली, "काका, सकाळी आठची सेलू गाडी वेळेवर असती का?" मी म्हणालो, आठ दहाला सुटते, आणि मीही येतोय.

कापसाच्या वेचणीचे दिवस होते. सेलूला गाडी बदलली, फाट्यावर उतरलो आणि आत जीपने गेलो. दोन्ही बाजूंनी पांढरी शेतं. ट्रॅक्टरांवरून उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना अडकून राहिला होता आणि वाऱ्याने हलत होता. अर्पिता रस्ताभर वही मांडीवर धरून बसली होती. मला तर सगळं स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. असं वाटत होतं की गाव येऊच नये, जीप अशीच चालत राहावी.

बायनाबाई अंगणात बसली होती. साठीच्या आसपासची, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरा आणि मुलगा ऊसतोडीला गेलेले. घरात ती आणि सून मनिषा. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी शिल्लक होती. मधली जागा रिकामी.

"कुठले म्हनायचे तुमी?" तिने विचारलं.

"पाथरीचे," मी म्हणालो. "ही आमची पुतणीच समजा. तुमच्या हाताबद्दल विचारायला आलोय."

"सरकारातून आलाव का?"

"न्हाई मावशी," अर्पिता म्हणाली. "त्या दिवशी तुमी मोबाईलला काय विचारलं, ते मला नेमकं पायजे."

पाणी घेऊन आलेली मनिषा उंबऱ्यावर थांबली. विचारलं तिनेच होतं. "दिवे लागले व्हते. आत्या चुलीला तुराट्या आनायला मागं गेल्या अन् वरडल्या. मला काई सुचंना. मोबाईल तोंडापाशी धरला अन् म्हनलं, आमच्या आत्याच्या हाताला लांबडं चावलंय, मालक घरी न्हाईत, गाडी न्हाई, काय करावं."

अर्पिता ते वहीत लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मीही तिच्याकडे. मालक घरी न्हाईत, गाडी न्हाई. खरा प्रश्न तो होता. लांबड्याचं नुसतं निमित्त. तिच्या जुन्या पानाने लांबडं हा शब्द तेवढा ऐकला होता, आणि नव्या पानाने तर तोही नुसता मागून चिकटवला होता.

मग अर्पिताने वही मिटली. "मावशी, ते पान मी लिव्हलेलं हाय."

मनिषाला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ती तांब्या तिथंच ठेवून आत गेली. आम्ही निघेपर्यंत ती बाहेर आली नाही आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

बायनाबाई मात्र अर्पिताकडे बघत राहिली. "तू लिव्हलं व्हय ते?"

"हो."

"लय चांगलं लिव्हलं व्हतं गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. "सून वाचून दावत व्हती, अन् मला वाटलं आपल्या घरचंच कुनीतरी बोलायलंय. सून म्हनली, आत्या, हात काळा पडायलाय, सोडू का दोरी. मीच म्हनलं, न्हाई. एवढ्या मायेनं सांगायलेत, सकाळपस्तोर सोडू नगा म्हनून. मी सोडू दिली न्हाई."

अर्पिता रडली नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली, खोटं कशाला सांगू. मी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि बांधावरच्या कोंबड्यांकडे बघत बसलो.

"आता काय करायलीस?" बायनाबाईने विचारलं.

"खरं लिवायचंय. पर लोकांचा इस्वास त्या जुन्यावर बसलाय."

बायनाबाईने पदर सावरला. मग म्हणाली, "माझं नाव टाक. अन् ह्या हाताचा फोटू काढ. तोंडाचा नगं, तोंडात काय बगायचंय." तिने हात उन्हात पुढे धरला. "हां, लिव आता. पैलं, बांगड्या काढा, अंगठी काढा. हात सुजला की निघत न्हाईत, मासात रुततात. दोरी बांधू नगा. हात हालवू नगा. मालकाची वाट बगू नगा." इथे ती अडली. शेजारच्या घराकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाली, "शेजाऱ्याला हाक मारा. भांडन असलं तरी मारा. त्यांच्या दारात जीप हुबी व्हती त्या दिशी. बांधावरनं चार सालापासून बोलनं न्हाई, म्हनून न्हाई मारली हाक. हे बी लिव. लाजू नगं, लिव."

अर्पिताने सगळं लिहून घेतलं. उठताना ती बायनाबाईच्या पायाशी वाकली. बायनाबाईने तो दोन बोटांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि अर्पितानेही ते मागितलं नाही.

नवं पान त्याच आठवड्यात तयार झालं. सुरुवातच अशी: 'मी बायनाबाई. मला लांबडं चावलं तेव्हा मालक घरी नव्हते आणि गाडी नव्हती.' मग अँब्युलन्सचा एकशे आठ नंबर, बोट ठेवलं की लागेल असा. मग बांगड्या, दोरी, शेजारी. कुठल्या सरकारी दवाखान्यात यावरचं इंजेक्शन असतं, त्याची तालुक्यावार यादी. डॉक्टरांनी ओळ न ओळ तपासली. फोटो त्या हाताचा.

मग आमची बोटं दाखवायची मोहीम सुरू झाली. सिद्धोधनराव रजा टाकून ग्रामपंचायतींच्या वेबसाईटा बघणाऱ्यांकडे गेले. मी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता, पण शिक्षकांचे ब्लॉग, बियाणांची दुकानं, साप पकडणाऱ्या पोरांचे गट असं सगळीकडे फिरलो आणि सांगितलं, तुमच्या पानावरून आमच्या पानाकडे वाट द्या. काहींनी हसण्यावारी नेलं. बऱ्याच जणांनी हाताचा फोटो बघितला आणि वाट दिली.

पान चढायला लागलं. एकसष्टवर होतं ते अडतीसवर आलं, मग सतराला. तिथे अडीच महिने अडकलं आणि मी रोज सकाळी पेपरच्या आधी नंबर बघायला लागलो. आमच्या घरच्या म्हणाल्या, एवढी काळजी माझ्या गुडघ्याची केली असती तर! अर्पिता मात्र शांत होती. दुपारी ती तशीच हनुवटीला हात लावून बसायची. वरच्याला खाली ओढता येत नाही, ती म्हणायची, आपण त्याच्यापेक्षा जास्त कामाचं व्हायचं आणि वाट बघायची. नऊ. चार. श्रावण लागला. शेतांत गवत कमरेला आलं आणि तो प्रश्न दर सांजेला वर चढायला लागला. जेवण टाकून मी स्क्रीनवरची ती चढती रेघ बघत बसायचो.

नागपंचमीनंतरच्या आठवड्यात सिद्धोधनराव घरी आले ते चपला काढायच्या आधीच बोलायला लागले. जिंतूरकडच्या एका गावातून एक बाई केंद्रात आणली होती. दंश हाताला, पण दोरी नाही, हात फळीला सैल बांधून स्थिर ठेवलेला, आणि काढलेल्या बांगड्या पदराच्या गाठीत. चावल्यापासून चाळीस मिनिटांत पोचली. जीप कुणाची, तर दिराची, आणि दिराशी सहा वर्षं अबोला. बाई धडधाकट घरी जाईल असं डॉक्टर म्हणाले. सिद्धोधनरावांनी मग कुठे चपला काढल्या.

मी तिथल्या तिथे मोबाईल काढला आणि तोंडापाशी धरून मोठ्याने विचारलं. दिवेलागणीची वेळ. आतून आमच्या घरच्या ओरडल्या, "अवो, या वेळेला त्याचं नाव काय घ्यायलाव!" मी म्हणालो, नाव नाही घेतलं, लांबडंच म्हणालो. आणि पहिल्या नंबरला तो हात दिसला.

वय विसरून मी जिना चढलो. अर्पिता खिडकीशी बसली होती. तिला आधीच माहीत होतं, वडिलांनी फोन केला होता. "पहिला नंबर!" मी म्हणालो. "ती बाई वाचली. आता तरी हस गं पोरी."

ती हसली. खरंच हसली, मी पाहिलं. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बोट बायनाबाईच्या हातावरून इंचभर खाली सरकवलं.

"आन् हे दोन नंबरला कोन हाय काका?"

मी चष्मा लावला. मथळा तोच होता. मायेची भाषा तीच होती. दोरी घट्ट आवळा, सकाळपर्यंत सोडू नका.

"मीच हाय," ती म्हणाली. तिने पान उघडून अगदी तळाशी नेलं. आज किती जणांनी वाचलं, तो आकडा तिथे बारीक अक्षरात असतो. मी वाकून वाचला. एकशे चौदा होता.